कर्करुग्णांच्या हृदयाची काळजी: डॉक्टर व परिचारिकांच्या प्रशिक्षणासाठी मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या तालुक्यातील कर्करुग्ण केमोसाठी बार्शीला किंवा परळच्या टाटा रुग्णालयात जातात. मात्र दोन केमोंमधले सुमारे 21 दिवस ते घरीच असतात. या काळात धाप लागली किंवा पायांवर सूज आली, तर ते प्रथम गावातल्या डॉक्टरांकडे येतात आणि नेमके तिथेच आम्ही कमी पडतो. केमोचा अशक्तपणा समजून, सलाईन लावून आमच्यापैकी काहींनी असे रुग्ण घरी पाठवले आहेत, हे संघटनेच्या बैठकीत आम्ही प्रांजळपणे मान्य केले. थकलेल्या हृदयावर जादा सलाईनचा भार किती घातक ठरतो, हे वेगळे सांगायला नको.

रुग्ण ज्याला ‘लाल औषध’ म्हणतात त्या डॉक्सोरुबिसिनची एकूण मात्रा जसजशी वाढते, तसतसा हृदयाच्या स्नायूला असलेला धोका वाढतो आणि तो कधीकधी उपचार संपल्यावर कित्येक वर्षांनी प्रकट होतो. स्तनाच्या कर्करोगात दिल्या जाणाऱ्या ट्रास्टुझुमॅबने मंदावलेले हृदय वेळीच लक्षात आले तर बहुधा सावरते. म्हणूनच ते चालू असताना साधारण दर 3 महिन्यांनी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा असतो. फ्लुरोयुरॅसिल हे केमोचे औषध घेणाऱ्याच्या छातीत दुखू लागले, तर पित्ताची गोळी देण्याआधी ईसीजी काढायला हवा. उलट, हृदयाच्या धास्तीने केमो परस्पर थांबवणे हीसुद्धा गंभीर चूक आहे. युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिऑलॉजीने 2022 मध्ये या विषयावर सविस्तर मार्गदर्शक सूचना दिल्या. त्या आपल्या दवाखान्यांपर्यंत पोहोचवणे हाच आमचा हेतू आहे.

त्यासाठी तालुक्यातील फिजिशियन, फॅमिली डॉक्टर आणि परिचारिका यांचे प्रशिक्षण शिबिर आम्ही योजले आहे. तज्ज्ञांचा प्रवास व निवास, सरावासाठी इको मशीनचे भाडे आणि प्रत्येक रुग्णाची औषधे, मात्रा व इकोचे निष्कर्ष नोंदवण्याची मराठी कार्डे छापणे, असा हा खर्च आहे. औषध कंपन्यांकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, असा ठराव झाल्यामुळे (काही सभासदांना तो रुचला नाही, तरी) आपल्यापुढे हात पसरत आहोत.

देणगी धनादेशाने संघटनेच्या नावे द्यावी व पावती अवश्य घ्यावी. सभागृह, पाहुण्यांची राहण्याची सोय किंवा छपाई या रूपानेही मदत चालेल. जमाखर्च संघटनेच्या कार्यालयातील फलकावर लावला जाईल.

आपले,
तालुका डॉक्टर संघटनेचे कार्यकारी मंडळ