रविवार, शनिवार आणि आपण

प्रिय आई-बाबा,
प्रभूच्या नावात सलाम.

बाबा, “पोरीनं रविवार सोडला म्हणजे पुनरुत्थानच सोडलं,” हे तुमचं बोलणं मला फार लागलं. फोनवर धड बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

येशू आठवड्याच्या पहिल्या दिवशी उठला, हे मी तुमच्याकडून शिकले. आता रविवारऐवजी शनिवारी उपासनेला बसते, तरी त्यावरचा माझा विश्वास तसूभर ढळत नाही.

रविवार रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने आणला, असं इथे आमच्या शनिवारच्या मंडळीत काही जण सांगतात. ते मला पटत नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं. त्याचा कायदा इ.स. ३२१ चा. न्यायाधीशांनी आणि शहरातल्या लोकांनी त्या दिवशी काम बंद ठेवावं, शेतकऱ्यांना मात्र मुभा, असा तो होता. पण जस्टिन मार्टर हा ख्रिस्ती लेखक रोममध्ये इ.स. १५० च्या सुमारासच लिहून गेला की ख्रिस्ती लोक रविवारी जमतात, शास्त्र वाचतात, भाकर घेतात, अनाथ-विधवांसाठी दान गोळा करतात. तुमचा रविवार कुणा राजाची मेहेरबानी नाही, बाबा.

तसाच शनिवारही अमेरिकेतून आलेलं नवं खूळ नाही. शनिवार पाळणाऱ्या ॲडव्हेंटिस्ट पंथाच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकात, इंग्लंडमध्ये शनिवार पाळणारे बाप्टिस्ट होते. इथिओपियात तर शब्बाथाच्या, म्हणजे शनिवारच्या विसाव्याच्या, आग्रहापायी ख्रिस्ती साधूंनी छळ सोसला. शेवटी १४५० मध्ये राजा झारा याकोबच्या पुढाकाराने तिथल्या धर्मसभेने दोन्ही दिवस मान्य केले. आपल्या कोकणातले बेने इस्राएल शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. ते यहुदी, पण शब्बाथ पवित्र पाळण्याची चौथी आज्ञा तीच, जी तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलीत.

आई, शुक्रवारी आमच्याकडे काय चालतं ते तुला सांगायचंय. सूर्य मावळायच्या आत आमटी-भात होतो, मुलांचे कपडे इस्त्री होतात, ओटा पुसून कोरडा करते. मग सगळे जमिनीवर बसून एक स्तोत्र म्हणतो. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत ना बाजार, ना ऑफिसचा फोन. जावई, जो एरवी जेवतानाही मोबाइल सोडत नाही, त्या दिवशी मुलांशी बोलतो. हे मला हवंसं वाटलं, आई. कुणी जबरदस्ती केलेली नाही.

दिवसाच्या मोजणीवर तारण टांगलंय असं मात्र मी कधीच मानणार नाही. पॅसिफिक महासागरातल्या सामोआ देशाने २०११ साली ३० डिसेंबरचा दिवसच कॅलेंडरातून गाळला आणि वारांची गाडी एक दिवस पुढे सरकली. तिथल्या ॲडव्हेंटिस्टांत वाद पेटला. काही नव्या शनिवारी जमू लागले, काही रविवारी, कारण तोच त्यांचा जुना सातवा दिवस. दोघेही मनापासून देवाचीच आज्ञा पाळत होते. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या १४ व्या अध्यायात पौल हेच सांगतो: कोणी एक दिवस अधिक मानतो, कोणी सगळे सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. बाबा, तो अध्याय पुन्हा एकदा वाचाल का?

नाताळात आम्ही नगरला येतोय. शनिवारी सकाळी ओसरीवर आम्ही प्रार्थनेला बसू. तुम्ही बसलात तर मुलांना आनंद होईल, नाही बसलात तरी रागावणार नाही. रविवारी मात्र मी तुमच्याबरोबर चर्चला येणार, आईच्या शेजारी बसणार. आणि पाळकसाहेबांनी विचारलं तर उत्तर मी देईन, तुम्ही मान खाली घालायची नाही.

गुडघ्याचं औषध वेळेवर घ्या.

तुमची,
बेबी