दुखत नव्हतं म्हणून

प्रिय दोस्ता,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबांच्या पित्ताशयात खडा निघालाय, घाबरण्यासारखं आहे का?" आणि मी "लिहितो" एवढंच म्हणून फोन ठेवला. रागावू नकोस. आईचं कॅन्सरचं सगळं आजारपण एकदम डोळ्यांसमोर आलं.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर. घाबरू नकोस. खडे असलेल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही. उलट्या बाजूने पाहिलं तर मात्र पित्ताशयाचा कॅन्सर झालेल्या बहुतेकांकडे खडे सापडतात. म्हणून रिपोर्टमध्ये तीन गोष्टी बघ: खडा 3 सेंटीमीटरहून मोठा आहे का, पित्ताशयाची भिंत जाड झालीय का, आणि 1 सेंटीमीटरहून मोठा पॉलिप, म्हणजे आतल्या भिंतीवर वाढलेला कोंब, आहे का. यातलं एक जरी असेल, तर सर्जनला भेटायला उशीर करू नकोस.

आईला आधी खाज सुटली. रात्रभर अंग खाजवायची. आम्ही म्हणालो, अंगावर पित्त उठलंय. शब्द बरोबर होता रे, आम्ही त्याचा अर्थ भलताच लावला. पित्तनलिका, म्हणजे पित्त आतड्यात नेणारी नळी, आतून बंद होत चालली होती आणि पित्त रक्तात उतरत होतं. मग लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसायला लागले. पोटात दुखत होतं का? अजिबात नाही. दुखत नाही, म्हणून आम्ही निर्धास्त. तीन आठवडे असेच गेले. शेवटी एका डॉक्टरांनी पोट तपासलं, तेव्हा त्यांच्या बोटांना फुगलेलं पित्ताशय लागलं आणि त्यांचा चेहरा बदलला. कावीळ आहे, दुखत नाही आणि पित्ताशय हाताला लागतंय, तर कारण बहुधा खडा नसतं, हे कुर्व्हाझिए नावाच्या स्विस सर्जनने 1890 मध्येच लिहून ठेवलंय. मला ते कळलं सगळं संपल्यावर.

तेव्हापासून मी याबद्दल वाचतच सुटलोय. 2019 या एका वर्षात जगभरात पित्ताशय आणि पित्तनलिकेच्या कॅन्सरचे जवळपास 2 लाख नवे रुग्ण होते आणि मृत्यू 1 लाख 70 हजारांच्या वर. हे दोन आकडे एकमेकांच्या इतके जवळ आहेत, यातच आजार किती उशिरा सापडतो ते कळतं. 1990 पासून रुग्णांची संख्या खूप वाढली. वयाचा हिशेब धरून काढलेला दर मात्र घटलाय. म्हणजे माणसं जास्त जगायला लागली आणि हा भार म्हाताऱ्यांच्या अंगावर आला.

तो सगळीकडे सारखाही नाही. पित्ताशयाचा कॅन्सर चिलीतल्या मापुचे या आदिवासी लोकांत, बोलिव्हियात आणि गंगेच्या खोऱ्यात जास्त, त्यातही बायकांना जास्त. पित्तनलिकेचा थायलंडच्या ईशान्येला, कारण तिथे कच्च्या माशांतून यकृतात शिरणारा एक कृमी वर्षानुवर्षं नलिकेत राहतो. चिलीने 2006 पासून 35 ते 49 वयाच्या खडेवाल्यांना पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेची हमी दिली. मला हे पटतं, कारण कॅन्सर व्हायला कित्येक वर्षं जातात. पण सत्तरीपुढच्यांसाठी ती वेळ निघून गेलेली असते. त्यांच्यासाठी उरतं ते वेळेवर लक्ष जाणं, आणि नेमकं तेच होत नाही. खाज? वय झालं. भूक नाही? वय झालं. वजन उतरलं? या वयात उतरतंच.

उपचाराच्या वेळीही हेच ऐकलं. एक डॉक्टर फाइल न उघडता म्हणाले, "एकाहत्तर? कशाला त्रास देता?" मला अजून त्याचा राग येतो. दुसऱ्यांनी आईलाच विचारलं: जिना चढता का, अंघोळ स्वतः करता का, जेवण किती जातं, तुम्हाला काय हवंय? मोठी शस्त्रक्रिया तिला झेपली नसती, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण एण्डोस्कोपीतून स्टेंट, म्हणजे बंद नलिका उघडी ठेवणारी छोटी नळी, घातला आणि खाज थांबली. त्या रात्री ती सलग सात तास झोपली. मी बाजूला बसून तिचा श्वास ऐकत होतो.

मग केमो. आजार पसरलेल्या रुग्णांवर 2010 मध्ये एक मोठी चाचणी झाली. जेमसिटाबिन या केमोच्या औषधाच्या जोडीला सिस्प्लाटिन हे दुसरं औषध दिल्यावर सरासरी आयुष्य 8.1 महिन्यांवरून 11.7 वर गेलं. साडेतीन महिने कागदावर किरकोळ वाटतात. आई चौदा महिने जगली. शेवटचे दोन सोडले तर ती घरात फिरत होती, माझ्याशी भांडत होती.

बाबांना उद्या सकाळी खिडकीपाशी बसव. ट्यूबलाइटमध्ये पिवळेपणा कळत नाही, दिवसाच्या उजेडातच डोळ्यांचा पांढरा भाग बघ. खाज येते का, लघवीचा रंग कसा आहे, शौचाला पांढरट होतं का, ते विचार. लाजतील, तरी विचार. आणि रिपोर्टचा फोटो मला पाठव, रात्री कितीही वाजले असले तरी.

तुझाच