बाबा, पॉलिसीवरचं तुमचं नाव मी बदललं

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर दोनदा सांगायला गेलो आणि दोन्ही वेळा पावसाचंच बोलत राहिलो, म्हणून लिहितोय. माझ्या 2011 च्या आयुर्विम्याच्या पॉलिसीवर नॉमिनी म्हणून बाबांचं नाव होतं. सोमवारी ते बदललं. आता साठ टक्के मेघना, चाळीस टक्के आई. बाबा, पहिल्या पगारातून ती पॉलिसी घेतली तेव्हा त्या रकान्यात दुसरं नाव सुचलंच नव्हतं. परवा फॉर्म भरताना हात अडला.

हे मेघनाच्या सांगण्यावरून नाही. तिला अजून माहीतही नाही. नानाकाका गेल्यावर काकूचं जे झालं ते विसरता येत नाही. लग्नाआधीची पॉलिसी, नाव भावाचं, बदलायचं राहिलेलं. नॉमिनी पैसे फक्त हातात घेतो, हक्क वारसांचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्येच सांगितलं होतं. तरी काकूला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आणि दोन घरांतलं फराळाचं ताट थांबलं ते थांबलंच. विमा कायद्याच्या 2015 च्या दुरुस्तीने आई-वडील, नवरा-बायको, मुलं नॉमिनी असली तर रक्कम त्यांचीच ठरवली, पण वारसांचे दावे त्यानंतरही होतातच. शिवाय 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात मुलाच्या मागे आई बायकोच्या बरोबरीने पहिल्या वर्गात येते, वडील दुसऱ्या, म्हणजे त्यांच्यानंतर. तुमच्या आणि मेघनाच्या मध्ये असा कागद मला नको.

बाकी काही बदलत नाही. पाच तारखेचे पैसे, बाबांच्या गोळ्या, आईच्या गुडघ्यांचं तेल, कामाच्या मावशींचा पगार, सगळं तसंच. लहानपणी कमाटीबागेतल्या छोट्या आगगाडीत मी रडायला लागलो, तर बाबा, तुम्ही गुडघे पोटाशी घेऊन शेजारी बसला होतात. झोप लागली नाही की अजून तेच आठवतं.

आता ऐका. तुमच्या दोन्ही पॉलिसींवर अजून आजीचं नाव आहे, तिला जाऊन नऊ वर्षं झाली. ते तसंच राहिलं तर उद्या आईला वारस असल्याचं सिद्ध करत फिरावं लागेल. या आठवड्यातच आईचं नाव घाला, कंपनीकडून लेखी पोच घ्या, फोटो मला पाठवा. दांडिया बाजारातून रिक्षा करा, स्कूटर काढू नका. मूळ कागद देवघराखालच्या खणात ठेवा, रद्दीजवळ नको.

आई, हे बाबांना चहा झाल्यावर वाचून दाखव. वाईट वाटलं तर मला लगेच फोन करा, रात्री कितीही वाजले तरी.

तुमचा,
बाळू