आयएनआर नॉर्मल, तरी रक्त थांबेना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या घरात रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचे दोन डबे आहेत. पत्नीच्या हृदयात 2011 मध्ये धातूची माइट्रल झडप बसवली, तेव्हापासून ती असेनोकुमारॉल घेते. थोरल्या बंधूंना, आमच्या दादांना, हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून दिवसातून दोनदा अपिक्साबॅन चालू आहे.

गेल्या महिन्यात दादांच्या दोन दाढा काढायच्या होत्या. दंतवैद्यांनी विचारले, ‘‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? मग आयएनआर करून आणा.’’ आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा, 1.1 आला. ‘‘नॉर्मल आहे, काही काळजी नाही,’’ असे म्हणून त्यांनी दोन्ही दाढा एकाच बैठकीत काढल्या. दादांनी सकाळी आठला नेहमीची गोळी घेतली होती आणि दाढा निघाल्या अकराला. या गोळीचा जोर तीन-चार तासांनी सर्वाधिक असतो, हे आम्हाला नंतर कळले. संध्याकाळपर्यंत बोळ्यामागून बोळे लाल होत राहिले. उशीचा अभ्रा दोनदा बदलला. मध्यरात्री रुग्णालयात नेऊन टाके घालावे लागले, तेव्हा कुठे रक्त थांबले.

चूक एकट्या दंतवैद्यांची नाही. चिठ्ठीवर फक्त ‘आयएनआर’ लिहिले होते, लॅबने गोळीचे नाव विचारले नाही आणि आम्हीही ते सांगितले नाही. पण घोटाळा झाला तो इथेच.

वॉरफरिन आणि असेनोकुमारॉल ही औषधे ‘के’ जीवनसत्त्वाच्या वाटेने काम करतात. त्यांचा परिणाम माणसागणिक वेगळा असतो. मेथी-पालक रोजच्यापेक्षा जास्त खाल्ला तर तो घटतो, मेट्रोनिडाझोलसारखी गोळी सोबत घेतली तर वाढतो. म्हणून आयएनआर वारंवार बघावा लागतो. ही पद्धत त्याच औषधांसाठी बसवलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने ती 1983 मध्ये स्वीकारली, ती वेगवेगळ्या लॅबच्या रसायनांमुळे येणारा फरक काढून टाकण्यासाठी. पत्नीचा आयएनआर 2.5 ते 3.5 च्या दरम्यान ठेवायचा असतो आणि तिच्या बाबतीत त्या आकड्यावर विसंबता येते, अर्थात रक्त नीट घेतले तर. एकदा घरी आलेल्या मुलाला शीर सापडेना. निळ्या टोपणाची नळी त्याने अर्धीच भरून नेली आणि अहवालात 4.6 आले. त्या नळीत रक्त गोठू न देणारे सायट्रेट मोजून घातलेले असते, रक्त रेघेपर्यंत नसेल तर आकडा खोटा फुगतो. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये जाऊन नळी रेघेपर्यंत भरून दिली, तर 3.0. आदल्या आकड्यावर डोस कमी केला असता तर झडपेवर गुठळी धरण्याचा धोका होता.

अपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन, डॅबिगॅट्रान या नव्या गोळ्यांचे मात्र तसे नाही. अंगात गोळी पुरेपूर भिनलेली असतानाही अपिक्साबॅनवर आयएनआर जवळपास नॉर्मल येऊ शकतो. रिव्हारोक्साबॅनने तो थोडा वाढला तरी किती वाढेल ते लॅबच्या रसायनावर ठरते. त्या औषधाचे प्रमाण मोजणारी वेगळी, त्याच औषधासाठी प्रमाणित केलेली अँटी-टेन-ए तपासणी असते, पण ती कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये होत नाही. एरवी तिची गरजही नसते. शेवटची गोळी किती वाजता घेतली आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी रक्ततपासणी) किती आहे, हे विचारले असते तरी दादांची ती रात्र टळली असती. कदाचित सकाळची गोळी पुढे ढकलायची की नाही हे हृदयरोगतज्ज्ञांना फोनवर विचारून घेता आले असते. (गोळी आपल्या मनाने बंद करणे त्याहून वाईट, त्याने पक्षाघात ओढवू शकतो.)

ठाण्यातल्या लॅबचालकांना माझी कळकळीची विनंती आहे की रक्त गोठण्याच्या तपासणीच्या अर्जावर दोन ओळी वाढवाव्यात: कोणती गोळी, शेवटची कधी घेतली. हीच दोन उत्तरे अहवालावरही छापावीत. महापालिकेच्या आरोग्य केंद्रांतही हे करता येईल, त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. आणि दंतवैद्यांनी नव्या गोळीच्या रुग्णाला आयएनआरसाठी पाठवण्याआधी गोळीची पट्टी मागून तिच्यावरचे नाव वाचावे.

आपला,
एक वाचक, नौपाडा, ठाणे (पश्चिम)