‘दुखणे कमी झाले’ म्हणजे ‘कूर्चा आली’ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पोटाची चरबी काढून तिच्यातील पेशी झिजलेल्या गुडघ्यात सोडण्याच्या उपचारावर आपल्या आरोग्य पुरवणीत लेख आला. तो वाचून ओळखीतल्या चौघांनी मला विचारले, ‘बाई, म्हणजे आता गुडघे बदलायला नकोत ना?’ मी बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि माझेही दोन्ही गुडघे कुरकुरतात, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे आला असावा. लेखातल्या बऱ्याच गोष्टी बरोबर आहेत. माझे मुख्य भांडण त्यातल्या एका शब्दाशी आहे: कूर्चेची ‘दुरुस्ती’.

कूर्चा म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेले गुळगुळीत आवरण. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. कातडी कापली की रक्ताबरोबर डागडुजीचे सामान तिथे पोचते. कूर्चेपर्यंत ती रसद जातच नाही. नष्ट झालेली कूर्चा पुन्हा येत नाही, हे शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवले होते. दुसरी गोष्ट लेखात नव्हती आणि मला तीच महत्त्वाची वाटते. कूर्चेत संवेदना नेणारे तंतूही नसतात, म्हणजे कूर्चा स्वतः दुखत नाही. दुखते ते सांध्याचे आतले अस्तर आणि कूर्चेखालचे हाड. त्यामुळे इंजेक्शननंतर जिना चढताना त्रास कमी झाला, तर अस्तराची सूज उतरली असेल एवढेच म्हणता येते. कूर्चेबद्दल त्यातून काहीच कळत नाही. सांध्यात नुसते सलाईन टोचले तरी कित्येक रुग्णांना काही महिने बरे वाटते, हे चाचण्यांमध्ये वारंवार दिसले आहे.

चरबीतील पेशींचा शोध मात्र खरा आणि सुंदर आहे. २००१ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॅट्रिशिया झुक आणि सहकाऱ्यांनी लायपोसक्शनमध्ये (चरबी शोषून काढण्याच्या शस्त्रक्रियेत) निघालेल्या, एरवी फेकून दिल्या जाणाऱ्या चरबीतून अशा पेशी मिळवल्या, ज्यांच्यापासून प्रयोगशाळेत हाडाच्या, कूर्चेच्या, स्नायूच्या पेशी घडवता आल्या. अस्थिमज्जेत अशी पेशी दहा हजारांत एखादी सापडली तरी नशीब. चरबीत त्या भरपूर. पण प्रयोगशाळेत त्यांना गोळ्यासारखे एकत्र दाबून आठवडेच्या आठवडे ठरावीक वाढघटक द्यावे लागतात, तेव्हा कुठे कूर्चेसारखे काही तयार होते. तेही पुष्कळदा हाडाच्या वाटेला लागते. गुडघ्यात, तेही सुजलेल्या गुडघ्यात, ही सरबराई कोण करणार? तिथे या पेशी मुख्यतः सूज शमवणारे रासायनिक निरोप पाठवतात आणि बहुतेक लवकरच नाहीशा होतात. या पेशींना ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये रूढ करणाऱ्या अर्नोल्ड कॅप्लान यांनीच २०१७ मध्ये लिहिले की हे नाव आता बदला, त्यातल्या ‘स्टेम’ने, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या ‘मूळ’ पेशी या अर्थाने, दिशाभूल होते.

लेखात आणखी एक घोळ आहे. चरबी बारीक करून, धुऊन तशीच टोचणे वेगळे. एन्झाइमने चरबी विरघळवून उरलेल्या पेशींचे मिश्रण टोचणे वेगळे. आणि त्यातून नेमक्या पेशी निवडून, आठवडाभर किंवा जास्त वाढवून, कोट्यवधींच्या संख्येने देणे हे तिसरेच. तिन्हींना ‘स्टेम सेल थेरपी’ म्हणायचे आणि एकाचा निष्कर्ष दुसऱ्याच्या जाहिरातीत छापायचा, असे सर्रास चालते. यातल्या दुसऱ्या प्रकाराची अमेरिकेत मोठी चाचणी झाली. गुडघ्याची झीज असलेले ४७५ रुग्ण होते. अस्थिमज्जा, चरबी आणि गर्भनाळ यांतून मिळवलेल्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली होती. २०२३ मध्ये निष्कर्ष आले: वर्षभरानंतर दुखण्याच्या बाबतीत एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही, आणि एमआरआयमध्येही सांध्यात सुधारणा दिसली नाही. तुलनेला कोणी नसते, तर चारही गटांना ‘गुण आला’ म्हणून बातमी झाली असती!

‘स्वतःच्याच पेशी, मग धोका कसला?’ हे वाक्यही लेखात होते. २०१५ मध्ये फ्लोरिडात तीन वृद्ध महिलांच्या डोळ्यांत त्यांच्याच चरबीतील पेशी टोचल्या गेल्या आणि तिघींची दृष्टी गेली. गुडघा म्हणजे डोळा नव्हे, मान्य. तरी ‘स्वतःच्या’ या शब्दाला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र मानू नये.

तरुण खेळाडूच्या कूर्चेला पडलेला एखादा खड्डा आणि साठीनंतर सगळीकडून झिजलेला गुडघा हे दोन निराळे आजार आहेत, हेही लेखात यायला हवे होते. खड्डा भरण्यासाठी रुग्णाच्याच कूर्चेतील पेशी वाढवून बसवण्याची पद्धत स्वीडनच्या डॉक्टरांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांवरील अनुभवासह मांडली आणि ती आजही वापरात आहे. सरसकट झिजेवर तीही चालत नाही.

पुढच्या वेळी या विषयावर लिहिणाऱ्याने डॉक्टरांना एवढे जरूर विचारावे: वरच्या तिन्हींपैकी नेमके काय देता, तुलना कशाशी केली, आणि वर्षानंतरच्या एमआरआयमध्ये काय दिसले? त्या चौघांनाही मी हेच प्रश्न कागदावर लिहून दिले आहेत. त्यातले दोघे नाराज झाले.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका