ताई, तो जोक तुम्ही मला टाईप करून दाखवलात

प्रिय ताई,

ऑफिसमध्ये सगळे तुम्हाला मॅडम म्हणतात, मीही म्हणते, पण मनात कधीचं ताईच आहे, म्हणून इथे तेच लिहिते. समोर बोलायला आले असते तर रडू आलं असतं आणि तुम्ही "अगं त्यात काय एवढं" म्हणून विषय बदलला असता.

त्या दिवशी मीटिंगमध्ये कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे हसले. मीही हसले. लहानपणापासून हेच करत आलेय, सगळे हसले की हसायचं आणि मग हळूच शेजारी विचारायचं काय झालं, की उत्तर ठरलेलं, "काही नाही गं, असंच", नाहीतर "नंतर सांगते". ते नंतर कधीच येत नाही. कमी ऐकू येणाऱ्या कुणालाही विचारा हे किती लागतं ते. कामाचं काय ते लोक सांगतात, फाईल कुठंय, डेडलाईन कधी, पण हसण्यातलं कुणी सांगत नाही. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, तुम्हाला कळलं की मी नुसती तोंडदेखली हसतेय, बोलता बोलता थांबलात, लॅपटॉप ओढलात, अख्खा जोक टाईप केलात आणि स्क्रीन माझ्याकडे वळवलीत. तोवर सगळे थांबलेले. मग मी हसले, खरंखुरं, आणि माझं बघून सगळे परत हसले. जोक साधाच होता ताई. पण एवढ्या वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कुणी जोक थांबवून ठेवला नव्हता.

मीटिंगमधलं बोलणं स्क्रीनवर लिहून दाखवणारं कॅप्शन, मीटिंगचे मुद्दे आधी मेलवर, ते सगळं तुम्ही कसं मंजूर करून घेतलंत त्यात मी जात नाही, मला पूर्ण माहीतही नाही.

आधीच्या ठिकाणी इंटरव्ह्यूला आई सोबत आली होती, तर सगळे प्रश्न तिला. "जमेल ना हिला?" डिग्री माझी, मी समोर बसलेली, आणि विचारतात आईला. घेतलं, कोपऱ्यात बसवलं, दिवसभर डेटा एंट्री. माझ्या चुका कुणी काढायचेच नाहीत, गुपचूप दुसऱ्याकडून नीट करून घ्यायचे, मग मी शिकणार कशी? प्रमोशनसाठी बाहेरगावी ट्रेनिंग होतं, मला न विचारताच नाव कापलं, एक तर मुलगी, त्यात ऐकू येत नाही, एकटीला कसं पाठवायचं म्हणून. तिथेच माझ्यासारखंच कानात मशीन लावणारा एक मुलगा होता. त्याला पाठवलं.

नंतर मी अपंग व्यक्तींच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा करार वाचला. कलम २७ कामाच्या हक्काचं, आणि त्याच्याही आधी कलम ६ खास स्त्रियांसाठी, त्यांच्यावर एकाच वेळी अनेक बाजूंनी भेदभाव होतो हे त्यात सरळ लिहिलंय. वाजवी सोय, म्हणजे इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून लागणारा झेपेल तेवढा बदल, ती नाकारणं हाही भेदभावच, हेसुद्धा आहे त्यात. वाचून खूप वेळ नुसती बसून राहिले. मला इतकी वर्षं वाटत होतं मीच कमी पडते.

लोकांना वाटतं मशीन लावलं की चष्म्यासारखं सगळं स्वच्छ होतं. मशीन आवाज मोठा करतं, त्यात पंख्याचा आणि खुर्ची सरकल्याचाही. बाकीचं ओठांवरून लावायचं, आणि ओठांवर प, ब, भ, म सारखेच दिसतात, पार, भार, मार मला एकच. संध्याकाळपर्यंत डोकं भणभणतं. उजेड मागून आला की समोरच्याचा चेहरा काळा दिसतो, ओठ वाचता येत नाहीत, हे मी तुम्हाला एकदाच बोलले होते, तेव्हापासून तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसलेल्या मी पाहिल्या नाहीत.

दया करणारी माणसं मला भरपूर भेटलीत, डोक्यावरून हात फिरवणारी, "किती धीराची पोरगी" म्हणणारी, आणि त्यांच्यापैकी एकानेही मला धड काम दिलं नाही. तुम्ही माझा रिपोर्ट लाल करून परत पाठवता, बाकीच्यांचा पाठवता तसाच. पहिल्यांदा पाठवलात तेव्हा मला इतकं बरं वाटलं की दोनदा उघडून बघितला. साधी, नीट वागणारी माणसं असतात हो जगात, फक्त ती बॉस म्हणून वाट्याला यावी लागतात.

आणि एक सांगायचं राहिलं. परवा तुम्ही रजेवर होतात. कॅन्टीनमध्ये सगळे हसले आणि मी विचारायच्या आत समोरच्या पोराने चमचा खाली ठेवला, मोबाईल काढला आणि टाईप करायला घेतलं.

तुमच्याच टीममधली,
मी