अनिलला पत्र : बेटांवर सुवार्ता कोणी नेली

ऑकलंड,
रविवार, रात्री

प्रिय अनिल,

सप्रेम सलाम.

तुझा लांबलचक निरोप वाचला. ‘मिशनऱ्यांनी पॅसिफिकमधल्या बेटांची संस्कृती धुऊन काढली आणि तू त्यांच्याच चर्चमध्ये जाऊन जेवून येतोस!’ असा टोमणा तुझ्याशिवाय कोण मारणार? जेवून येतो हे कबूल. धुऊन काढली हेही बरंचसं कबूल. पण ‘मिशनरी’ म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे टोपीवाला गोरा साहेब उभा राहतो ना, तिथे मात्र मी तुझ्याशी भांडणार आहे. त्या बेटांवर मंडळ्या, म्हणजे ख्रिस्ती लोकांचे उपासक-समुदाय, उभ्या राहिल्या त्या बहुतेक ठिकाणी बेटांवरच्याच माणसांनी उभ्या केल्या. साहेब जहाजाने यायचा, माणसं उतरवायचा आणि पुढच्या बेटाकडे निघून जायचा. मागे राहायचं, मार खायचा, तापाने फणफणायचं, ते सगळं उतरवलेल्यांच्या वाट्याला.

मला हे कुठून कळलं? आमच्या शेजारच्या आजींमुळे. त्या मूळच्या रारोटोंगाच्या, म्हणजे कुक बेटांच्या. कुक बेटांवर आहेत त्याहून कितीतरी जास्त कुक बेटवाले आता इथे न्यूझीलंडमध्ये राहतात. आजी उपासनेला निघाल्या की त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी बघत राहावी. नारळाच्या कोवळ्या, न उमललेल्या पात्या सोलून, उकळून, वाळवून त्याचे दोऱ्यासारखे पट्टे विणलेले असतात. वीण इतकी बारीक, की लांबून कापडच वाटावं. ती टोपी घरात खुंटीला लटकत नाही, डब्यात बंद असते आणि नातवंडांनी हात लावलेला चालत नाही. आणि त्यांचं गाणं! पेटी नाही, तबला नाही. बायका वरच्या पट्टीत ओळ उचलतात, आणि खालून पुरुषांचा मुसळाने कांडताना निघतो तसा हुंकार, ठेक्यात. आपल्या चर्चमधल्या ऑर्गनच्या सुरावर वाढलेल्या माझ्यासारख्याला पहिल्यांदा कळेचना की हे भजन आहे की भांडण. संस्कृती धुऊन काढली म्हणतोस, पण हा हुंकार काही कोणी लंडनहून आणलेला नाही.

उपासनेनंतर जेवण. तुला सांगतो, अळूची पानं नारळाच्या दुधात! ना चिंच, ना डाळ, ना दाणे. पानं इतका वेळ शिजवतात की घशाला खाज म्हणून राहत नाही. सुनंदाने दोनदा मागून घेतलं.

त्या जेवणाच्या पंगतीत पपेइहाचं नाव पहिल्यांदा ऐकलं. लंडन मिशनरी सोसायटीचं ‘डफ’ हे जहाज १७९७ मध्ये ताहितीला लागलं, तिथून ही सगळी कथा सुरू होते. उतरलेल्यांत बहुतेक सुतार, विणकर, गवंडी असले कारागीर. पुढची बरीच वर्षं त्यांचं काहीच जमलं नाही. राजा पोमारे दुसरा याने १८१५ ची लढाई जिंकली आणि मग वारं फिरलं. त्याचा बाप्तिस्मा झाला १८१९ मध्ये. राजाची सोय आणि देवाची हाक यांतलं काय किती होतं ते तूच ठरव, इतिहासाचा मास्तर तू आहेस.

पपेइहा हा त्याच भागातल्या बेटांवरचा तरुण. याच सोसायटीचा मिशनरी जॉन विल्यम्स याने त्याला १८२१ मध्ये कुक बेटांतल्याच ऐतुताकीवर सोडलं आणि १८२३ मध्ये रारोटोंगाला आणलं. सोबत काही शिक्षक आणि त्यांच्या बायका होत्या. पहिल्याच रात्री किनाऱ्यावर त्या बायकांचे इतके हाल झाले, की सकाळी सगळे फाटक्या कपड्यांनिशी जहाजावर परत आले. विल्यम्स बेट सोडून जायला निघाला होता. पपेइहा म्हणाला, मी एकटा राहतो. अंगावरचे कपडे आणि डोक्याला बांधलेलं पुस्तकांचं गाठोडं, एवढ्यावर तो पोहत किनाऱ्याला गेला. त्याला आधार दिला तो तापाएरू नावाच्या तिथल्याच सरदारघराण्यातल्या बाईने. तिला काही वर्षांपूर्वी गोऱ्या जहाजवाल्यांनी पळवून नेऊन ऐतुताकीवर टाकलं होतं आणि याच फेरीत ती घरी परतली होती. आता तारखा बघ. पहिला गोरा मिशनरी रारोटोंगावर मुक्कामाला आला १८२७ मध्ये. तोवर मूर्ती जळून गेल्या होत्या आणि लोक उपासनेला बसत होते. म्हणजे साहेब आला तो तयार मंडळीत. पपेइहा तिथेच राहिला, तिनोमाना या सरदाराची मुलगी केली आणि १८६७ मध्ये तिथेच वारला. अजूनही दर ऑक्टोबरात कुक बेटांवर सुवार्ता आल्याचा दिवस पाळतात, बायबलमधल्या गोष्टींची नाटकं करतात, गावागावांत चढाओढ लागते.

विल्यम्स तिथे बसून राहिला असता तर तो विल्यम्स कसला! रारोटोंगावर त्याने स्वतः जहाज बांधलं. लोहाराचा भाता हवा म्हणून मोजक्या शेळ्या होत्या त्यांतल्या बहुतेक मारल्या, आणि कातडं उंदरांनी एका रात्रीत फस्त केलं. मग लाकडी पेटीचा भाता, झाडाच्या सालीचे दोर, चटयांची शिडं. त्याच जहाजाने १८३० मध्ये तो सामोआला पोचला, तेही फाउएआ नावाच्या सामोअन माणसाने वाटेतच सरदारांची ओळख समजावून सांगितली म्हणून. १८३९ मध्ये एरोमांगा बेटावर त्याला मारलं. त्या बेटावर आधी चंदनाच्या व्यापाऱ्यांनी माणसं मारली होती, आणि बेटवाल्यांच्या लेखी गोरा तो गोरा.

आता तुझा मुद्दा. मूर्ती जळल्या हे खरं, आणि जाळा म्हणून सांगणाऱ्यांत पपेइहाच पुढे होता. आपल्याच लोकांचा देव जाळायला सांगणारा माणूस परका साहेब नसला म्हणून त्याचा दोष कमी होतो, असं मी म्हणणार नाही. नाचावर, गोंदण्यावर बंदी आली, रविवारी काय करायचं नाही याचे कायदे झाले, मोडणाऱ्याला दंड. ज्या मूर्ती जळाल्या नाहीत त्या लंडनला गेल्या. रुरुतु बेटावरच्या लोकांनी १८२१ मध्ये आपला देव ‘आआ’ आणून मिशनऱ्यांच्या स्वाधीन केला. तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. हातभर-सव्वा हात उंचीचा म्हणशील, तर नाही, चांगला पावणेचार फूट आहे. डोळे, नाक, तोंड, छाती, सगळं चिमुकल्या माणसांचं कोरलेलं आणि पाठ उघडते, आत पोकळी. त्या पोकळीतही आणखी लहान देव निघाले होते. फोटो बघ, पोटात कालवतं. अशी कला करणाऱ्या हातांनी पुढे काय कोरलं असतं, हा प्रश्न मलाही सोडत नाही.

पण फिजीचं ऐक. हे तुला सांगायचं म्हणूनच खरं तर पत्र लिहायला बसलो.

फिजीचा राजा थाकोम्बाऊ १८७४ मध्ये बेटं इंग्रजांना देऊन सिडनीला गेला आणि पुढच्या जानेवारीत इंग्रजी युद्धनौकेने परत आला. सोबत गोवर आला. काही महिन्यांत सुमारे चाळीस हजार माणसं गेली, म्हणजे चारांत एक तरी. घराघरांत सुतक. आणि त्याच वर्षी जॉर्ज ब्राऊन नावाचा मेथडिस्ट मिशनरी नावुलोआच्या पाळक-शिक्षणशाळेत आला आणि म्हणाला, न्यू ब्रिटनच्या (आताच्या पापुआ न्यू गिनीतल्या बेटाच्या) बाजूला नवी मंडळी सुरू करायची आहे, कोण येतं? तिथली भाषा कोणाला येत नव्हती. हिवताप होता, नरभक्षणाच्या गोष्टी होत्या. एका रात्रीचा विचार करून विद्यार्थी सगळेच्या सगळे तयार झाले. निवडलेल्यांना इंग्रज कारभाऱ्याने बोलावून घेतलं आणि बजावलं की तिथे जीव जाईल, कोणी भरीला पाडलंय का? तेव्हा अमिनिओ बालेद्रोकाद्रोका याने सगळ्यांच्या वतीने उत्तर दिलं. आम्ही मनाशी पुरता विचार केला आहे, कोणी जबरदस्ती केलेली नाही, देवाच्या कामाला स्वतःला देऊन टाकलंय. मेलो तर मेलो, जगलो तर जगलो.

ऑगस्ट १८७५ मध्ये ते न्यू ब्रिटनजवळच्या ड्यूक ऑफ यॉर्क बेटांवर उतरले, बायकांसकट. तीन वर्षांत फिजीहून गेलेला सैलासा नाउथुकिदी आणि त्याचे तीन साथीदार मारले गेले. यानंतर ब्राऊनने जे केलं ते मला पटत नाही. त्याने गावांवर हत्यारबंद स्वारी नेली, घरं जळाली, माणसं मेली. मंडळी उभी करणाऱ्याने बंदूक उचलली, आणि त्यावर त्याच्या हयातीतच ओरड झाली. उशिरा का होईना, २००७ मध्ये त्या भागातल्या तोलाई लोकांनी फिजीच्या प्रतिनिधीसमोर त्या चौघांबद्दल जाहीर माफी मागितली. माफी मागणारे आता स्वतःच ख्रिस्ती आहेत. कोणाची संस्कृती कोणी बुडवली, या तुझ्या हिशेबात ही माफी कुठल्या खात्यात टाकशील?

साहेबाविना मंडळी कशी उभी राहते, त्याचं अजून एक उदाहरण. कुक बेटांतल्या मानिहिकीचा एलेकाना १८६१ मध्ये छोट्या होडीतून शेजारच्या बेटावर निघाला, वाऱ्याने भरकटला आणि आठ आठवड्यांनी तुवालूमधल्या नुकुलाएलाए बेटाला जाऊन लागला. वाचला तो वाचला, वर तिथे शिकवायला बसला! मग सामोआच्या मालुआ शाळेत रीतसर शिकून १८६५ मध्ये परत आला. मधल्या काळात पेरू देशाची गुलाम पकडणारी जहाजं येऊन गेली होती. देवाचं शिक्षण देतो म्हणून लोकांना चढवलं आणि बेट जवळजवळ रिकामं केलं. पुढे तुवालूत पाळक सामोआहून येत राहिले आणि त्यांनी सामोअन भाषाच चर्चची भाषा केली. संपूर्ण बायबल तुवालूच्या स्वतःच्या भाषेत आलं १९८७ मध्ये! बेटवाल्याने बेटवाल्यावर केलेली ही साहेबगिरी. म्हणून म्हणतो, हिशेब साधा नाही.

आणि आपलं नगर? अमेरिकन बोर्ड या अमेरिकेतल्या मिशनरी संस्थेचे हॉल आणि नॉट मुंबईत आले १८१३ मध्ये. त्याच बोर्डाने हवाईला माणसं धाडली, ती १८२० ला पोचली. म्हणजे हवाईच्या आधी आपण. पुढे १८३१ मध्ये नगरला काम सुरू झालं. हवाईचे ख्रिस्ती लोक पुढे स्वतःच बाहेर पडले. त्यांतला जेम्स केकेला मार्केसस बेटांवर गेला. तिथल्या लोकांनी पेरूच्या जहाजवाल्यांवरचा राग एका अमेरिकन खलाशावर काढायचं ठरवलं होतं. केकेलाने आपली होडी देऊन त्याला सोडवलं. म्हणून १८६४ मध्ये अब्राहम लिंकनने त्याला सोन्याचं घड्याळ पाठवलं.

माझ्या आजोबांना कोणी घड्याळ पाठवलं नाही. तुला ते आठवत असतील, धोतर, काळा कोट आणि सायकल. आठवडाभर शाळा, रविवारी त्याच खोलीत उपासना, आणि पाटलाचा रोष झाला की गावाबाहेरच्या लिंबाखाली. आजी बायकांना वाचायला शिकवायची. अहवाल जायचा तो साहेबांच्या सहीने, त्यात आजोबा ‘एक स्थानिक मदतनीस’. शेजारच्या आजींना हे सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, ‘मग तुझ्या आजोबांचं नाव तुम्ही कुठे लिहून ठेवलंय?’ मला उत्तर देता आलं नाही, कारण कुठेच लिहिलेलं नाही.

म्हणून तुला एक काम सांगतो. आपलं ख्रिस्ती नियतकालिक ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून निघतंय. त्याचे जुने अंक तुझ्या ओळखीच्या ग्रंथालयात बघायला मिळतील का? दोन गोष्टी हव्यात. हवाईची, म्हणजे तेव्हाच्या ‘सँडविच बेटांची’, काही बातमी आपल्या लोकांना वाचायला मिळत होती का; आणि खेड्यातल्या मास्तरांची नावं कुठे छापलीत का. आजोबांची नेमणूक राहुरीकडे होती, तिथून सुरुवात कर. झेरॉक्सचे पैसे मी देतो, कुरकुर करू नकोस. वहिनींना नमस्कार, आणि लेकीचा निकाल लागला की लगेच कळव.

तुझा,
विलास